समुपदेशनाचं पदव्युत्तर प्रशिक्षण: प्रवेशाआधीपासून परवान्यापर्यंत

समुपदेशनात पदव्युत्तर पदवी घ्यायची ठरवल्यावर बहुतेक जण वेगवेगळ्या संस्थांचे विषय शेजारी शेजारी ठेवून तुलना करायला बसतात. त्यातून फारसं हाती लागत नाही, कारण विषय सगळीकडे जवळपास तेच असतात. खरा फरक वेगळ्या ठिकाणी असतो. प्रशिक्षणाच्या काळात तुम्ही खऱ्या क्लायंटसमोर किती तास बसणार, त्या सेशनचं रेकॉर्डिंग कुणी जाणकार ऐकणार का, आणि ऐकून तुम्हाला काय सांगणार? समुपदेशक घडतो तो या तासांत. बाकीचा अभ्यासक्रम या तासांची तयारी म्हणून असतो. प्रवेश, पहिलं वर्ष, इंटर्नशिप, परवाना हे सगळे टप्पे खाली त्याच नजरेने पाहिले आहेत.

आधी व्यवसाय नक्की करा

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात चार-पाच व्यवसाय एकमेकांना चिकटून उभे आहेत आणि बाहेरून ते सारखेच दिसतात. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि औषधं देतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाच्या प्रशिक्षणात निदान आणि मानसशास्त्रीय चाचण्यांवर मोठा भर असतो. मानसोपचारात काम करणारा समाजकार्यकर्ता माणसाबरोबर त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेशीही झुंजतो. समुपदेशक प्रामुख्याने संवादातून काम करतो. नातेसंबंध, शोक, चिंता, नैराश्य, व्यसन, करिअरचे पेच, आयुष्यातली वळणं असं त्याच्या कामाचं क्षेत्र आहे. या सीमा पुसट आहेत आणि देशागणिक सरकतात. पण तुम्हाला चाचण्या आणि निदानातच जास्त रस असेल, तर समुपदेशनाची पदवी घेऊन पुढे हळहळण्यापेक्षा आत्ताच रस्ता बदललेला बरा.

या व्यवसायाचं एक मूळ आजाराच्या उपचारात नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये तरुणांना कामधंदा निवडायला मदत करणारं केंद्र सुरू केलं आणि व्यवसाय मार्गदर्शनाची पद्धतशीर सुरुवात तिथून झाली, असं मानलं जातं. समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात करिअर हा विषय आजही अनिवार्य असतो, त्यामागे हा इतिहास आहे. ‘मला तर थेरपी करायची आहे, मग हे कशाला?’ असं विद्यार्थी कुरकुरतात. पुढे क्लायंट नोकरी सुटल्यामुळे खचून समोर येऊन बसतो, तेव्हा तो विषय आठवतो.

दोन-तीन वर्षं आणि मोठी रक्कम गुंतवण्याआधी काही महिने हे काम जवळून बघा. ऐकून घेणाऱ्या हेल्पलाइन, निवारागृहं, व्यसनमुक्ती केंद्रं आणि दुःखात सोबत करणारे गट अशा ठिकाणी स्वयंसेवक लागतात, आणि चांगल्या संस्था त्यांना आधी प्रशिक्षणही देतात. तिथे आपल्याला हे काम आवडतं का, एवढंच तपासू नका. समोरचा रडतो आहे आणि त्याच्या प्रश्नाला आज उत्तर नाही, अशा वेळी उपाय सुचवण्याची घाई आवरता येते का? तो संवाद संपल्यावर रात्री झोप लागते का? आणि पुढच्या आठवड्यात त्याच माणसाकडून तेच गाऱ्हाणं पुन्हा ऐकायला तुम्ही जाता का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगून जातं.

संस्था निवडताना काय विचारायचं

सुरुवात शेवटाकडून करा. तुम्हाला प्रत्यक्ष काम कुठे करायचं आहे ते ठरवा, तिथला परवान्याचा किंवा नोंदणीचा नियम मूळ कागदावर वाचा आणि मग त्या नियमात बसणारी पदवी शोधा. उलट क्रमाने गेलेल्या अनेकांना पदवी हातात आल्यावर कळतं की दोन विषय किंवा काही शे तास कमी पडताहेत.

हे नियम फार वेगवेगळे आहेत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा आहे. समुपदेशकांसाठी असा कायदा पहिल्यांदा १९७६ साली व्हर्जिनियाने केला, तर कॅलिफोर्नियाने २००९ साली, सगळ्यांच्या शेवटी. ब्रिटनमध्ये ‘समुपदेशक’ या उपाधीला कायद्याचं संरक्षण नाही, त्यामुळे बीएसीपीसारख्या व्यावसायिक संघटनांच्या नोंदणीला तिथे वजन आहे. भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, तर समुपदेशकांसारखे व्यवसाय २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिकांविषयीच्या कायद्यात आले आहेत. एका ठिकाणची पदवी दुसऱ्या ठिकाणी आपोआप चालेल, असं गृहीत धरू नका.

मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात किमान किती प्रात्यक्षिक असावं, याचा एक अंदाज डोक्यात ठेवावा. अमेरिकेत केकरेप ही संस्था १९८१ पासून समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिच्या निकषांनुसार पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान ६० सेमिस्टर क्रेडिटचा असतो. त्यात आधी १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे इंटर्नशिपच्या आधीचा प्रत्यक्ष सराव, असतं आणि त्यातले किमान ४० तास प्रत्यक्ष क्लायंटसोबतचे असावे लागतात. त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप, त्यातले किमान २४० तास क्लायंटसोबत. म्हणजे पदवी हातात येईपर्यंत २८० तास तुम्ही खऱ्या माणसांसमोर बसलेले असता. बीएसीपीचा निकष पर्यवेक्षणाखालच्या, म्हणजे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालच्या, किमान १०० तासांच्या क्लायंट-कामाचा आहे. तुम्ही बघत असलेला अभ्यासक्रम यांपैकी कुणाच्याही छत्राखाली नसला तरी मोजपट्टी म्हणून हे आकडे वापरता येतात. दोन वर्षांच्या पदवीत क्लायंटसोबतचे तास पंधरा-वीसच असतील, तर तो समुपदेशनाविषयीचा अभ्यासक्रम आहे. समुपदेशक तयार करणारा नाही.

मग संस्थेला थेट प्रश्न विचारा. इंटर्नशिपची जागा संस्था मिळवून देते की विद्यार्थ्याने दारोदार फिरायचं? सेशनचं रेकॉर्डिंग होतं का, की पर्यवेक्षकाला विद्यार्थी जे तोंडी सांगेल त्यावरच भागवावं लागतं? एका पर्यवेक्षण गटात किती जण असतात? केकरेपच्या निकषात गटाची मर्यादा १२ आहे. शिवाय आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक किंवा दोघांचं मिळून पर्यवेक्षण आणि दीड तास गटाचं पर्यवेक्षण अपेक्षित असतं. शिकवणाऱ्यांपैकी किती जण आज स्वतः क्लायंट बघतात?

आणखी एक प्रश्न असा आहे, जो विचारायला लोक बिचकतात: विद्यार्थी या कामाला योग्य नाही असं लक्षात आलं, तर संस्था काय करते? चांगल्या संस्थेकडे याची लेखी पद्धत असते. आधी लक्षात आणून देणं, मग सुधारणेची योजना, मुदत, आणि गरज पडली तर थांबवणं. ‘आमच्याकडे कुणीच नापास होत नाही’ हे वाक्य इथे अभिमानाने सांगितलं गेलं, तर सावध व्हा.

ऑनलाइन अभ्यासक्रमांना मी सरसकट नाकं मुरडणार नाही. सिद्धांत, संशोधन, नीतिशास्त्र हे विषय घरबसल्या उत्तम शिकता येतात. पण कौशल्यांच्या वर्गात शिक्षकाने तुम्हाला थेट बघायला हवं आणि तिथल्या तिथे थांबवायला हवं. ते होत नसेल, तर स्वस्तातली पदवीही महाग पडते. माहितीपत्रकापेक्षा शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी जास्त खरं बोलतात. त्यांना गाठून एकच विचारा: ‘गेल्या महिन्यात तुमची किती सेशन्स कुणी ऐकली?’ ते उत्तर द्यायला किती वेळ घेतात, तेही बघा.

अर्ज आणि मुलाखत

उद्दिष्टपत्रात ‘लहानपणापासून सगळे माझ्याजवळ मन मोकळं करतात’ हे वाक्य लिहू नका. निवड समितीने ते इतक्यांदा वाचलेलं असतं की डोळा पुढे सरकतो. त्याऐवजी एक प्रत्यक्ष प्रसंग लिहा: स्वयंसेवक म्हणून काम करताना कुठे अडलात, त्यावर कुणाशी बोललात, त्यानंतर काय वेगळं केलंत. स्वतःच्या वेदनेतून या क्षेत्राकडे आला असाल, तर ते लपवायचं कारण नाही, पण तपशिलांत शिरू नका. समितीला तुमची जखम बघायची नसते, तुम्ही तिच्याकडे आता किती शांतपणे बघू शकता, ते बघायचं असतं.

बऱ्याच ठिकाणी गटात मुलाखत होते. तिथे चमकदार बोलणारा पुढे जातो असा समज आहे. खरं तर परीक्षक बहुतेकदा तुम्ही बोलत नसता तेव्हाच तुमच्याकडे बघत असतात. दुसरा बोलताना ऐकता का, त्याचा मुद्दा धरून पुढे जाता का, मतभेद झाला की चेहरा कसा होतो, हे सगळं ते टिपतात. शिफारसपत्रं मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलं आहे त्याच्याकडून घ्या.

पहिलं वर्ष: ऐकण्याचं तंत्र

नीतिशास्त्र, मानवी विकास, सामाजिक-सांस्कृतिक ओळख, करिअर, समुपदेशनाची प्रक्रिया, गटकार्य, मूल्यमापन आणि निदान, संशोधन असे आठ प्रांत साधारणपणे असतात. संख्याशास्त्राला घाबरू नका. तुम्हाला संशोधक व्हायचं नसलं तरी एखाद्या नव्या उपचारपद्धतीचा गाजावाजा झाला की त्यामागचा अभ्यास स्वतः वाचून तपासता यायला हवा. निदानाच्या वर्गात डीएसएम आणि आयसीडी या आजारांच्या वर्गीकरणांची ओळख होते. त्या काळात स्वतःला आणि घरच्यांना सगळे आजार झाल्याचा भास होतो. तो सेमिस्टरबरोबर ओसरतो.

वेळ द्यायचा तो कौशल्यांच्या वर्गाला. अ‍ॅलन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात ऐकण्याच्या कलेचे छोटे छोटे तुकडे पाडून ते एकेक करून शिकवण्याची पद्धत बसवली. नजर, बसण्याची ढब, उघडे प्रश्न, आशय परत मांडणं, भावना परत मांडणं, सारांश, शांतता. तुकडे वाचताना सोपे वाटतात. करताना काय होतं ते बघा. समजा क्लायंट म्हणते, ‘आई गेल्यापासून घरी जावंसंच वाटत नाही.’

नवशिक्याची उत्तरं ठरलेली असतात. ‘किती दिवस झाले?’ हा माहिती गोळा करणारा प्रश्न झाला. ‘काळ गेला की बरं वाटेल’ हा धीर आहे, पण त्याने बोलणं तिथेच मिटतं. ‘घरातल्या वस्तूंची जागा बदलून बघा’ हा सल्ला तर कुणी मागितलाच नव्हता. आशय परत मांडायचा तर एवढंच म्हणता येईल: ‘आई नसताना ते घर आता पूर्वीचं राहिलं नाही.’ भावनेपर्यंत जायचं तर: ‘दार उघडताना ते रिकामपण अंगावर येतं.’ दुसरं वाक्य चुकूही शकतं. चुकलं तर ती म्हणेल, ‘रिकामं नाही हो, उलट गर्दी असते, म्हणूनच नको वाटतं.’ झालं, दार उघडलं. अंदाज बरोबर येणं एवढं महत्त्वाचं नसतं. तो इतक्या हलक्या हाताने ठेवायचा की क्लायंटला तो सहज खोडता यावा.

हे अंगात मुरवायचा सगळ्यात चांगला सराव कंटाळवाणा आहे. सहाध्यायाबरोबर केलेल्या सराव-सेशनमधली दहा मिनिटं शब्दशः लिहून काढा, ‘अं’, ‘हं’ आणि अडखळण्यासकट. शेजारी एका रकान्यात त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते लिहा आणि दुसऱ्यात आता काय म्हणाल ते. मग मोजा: किती प्रश्न विचारलेत, किती वेळा समोरच्याचं म्हणणं परत मांडलंत, किती वेळा त्याचं वाक्य तोडलंत. प्रश्नांचा ढीग दिसला की बहुधा तिथे तुमची स्वतःची अस्वस्थता बोलत असते. सेशन रेकॉर्ड करून शब्दशः अभ्यासण्याची ही परंपरा क्लायंट-केंद्री समुपदेशनाचे प्रवर्तक कार्ल रॉजर्स यांच्यापासूनची आहे. त्यांनी १९४० च्या सुमारास सेशन्स ध्वनिमुद्रित करायला घेतली आणि १९४२ साली एका संपूर्ण केसचा शब्दशः संवाद छापला. तोवर बंद दाराआड काय बोललं जातं, ते बाहेरच्यांना उपचारकाच्या आठवणीतूनच कळत असे.

रोल-प्लेमध्ये क्लायंटची भूमिका करताना काल्पनिक खून-दरोडे रचू नका, आणि आयुष्यातली सगळ्यात खोल जखमही आणू नका. खरी पण पेलवणारी अडचण आणा.

सिद्धांतांच्या वर्गात मुलं घाईने झेंडा निवडतात. कुणी रॉजर्सचा, कुणी बेकच्या विचार-वर्तन उपचारांचा, कुणी एलिसच्या विवेकनिष्ठ पद्धतीचा, कुणी मनोविश्लेषणाचा. पहिल्या वर्षी झेंडा नको. एक पद्धत घेऊन ती नीट, तिच्या मूळ मांडणीतून शिका आणि दुसरी तिच्याशी कुठे भांडते ते समजून घ्या. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ साली उपचारातल्या नात्याची मांडणी तीन भागांत केली: दोघांना मान्य असलेलं उद्दिष्ट, त्यासाठी करायचं काम आणि दोघांमधला बंध. कुठलीही पद्धत वापरा, सेशन अडलं की आधी हे तीन तपासा. बहुतेक वेळा क्लायंटला एक हवं असतं आणि समुपदेशक दुसऱ्याच कामाला लागलेला असतो.

प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिप

जागा शोधायला सहा-आठ महिने आधी लागा. जागा निवडताना संस्थेचं नाव किती मोठं आहे यापेक्षा तिथे क्लायंट प्रत्यक्ष येतात का, रेकॉर्डिंगला परवानगी आहे का आणि तुमच्या पर्यवेक्षकाला खरंच वेळ आहे का, हे बघा. मोठ्या नावाच्या जागी इंटर्नने वर्षभर फायली लावल्या आणि क्लायंटसोबतचे तास भरलेच नाहीत, असंही होतं. क्लायंट ठरलेल्या वेळी न येणं हे या कामात नेहमीचं आहे. म्हणून गरजेपेक्षा थोड्या जास्त वेळा धरून ठेवा आणि तासांची नोंद रोजच्या रोज करा. प्रत्यक्ष, अप्रत्यक्ष आणि पर्यवेक्षणाचे तास वेगळे लिहा. प्रत्येक आठवड्याला सही घ्या. सेमिस्टरच्या शेवटी आठवून लिहिलेली वही कुणाच्या उपयोगाची नसते.

पहिल्या सेशनची सुरुवात संमतीपासून होते. ती सही घेऊन उरकायची नसते, बोलून समजावायची असते. साधारण असं: ‘मी प्रशिक्षणार्थी समुपदेशक आहे आणि माझं काम एका अनुभवी पर्यवेक्षकांच्या देखरेखीखाली चालतं. तुम्ही इथे जे सांगाल ते माझ्याजवळ आणि त्यांच्याजवळ राहील. याला काही अपवाद आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, किंवा न्यायालयाने आदेश दिला, तर मला काही माहिती संबंधितांना द्यावी लागेल. शक्य असेल तेव्हा तसं करण्याआधी मी तुमच्याशी बोलेन. सेशन रेकॉर्ड करायला तुमची हरकत आहे का? नाही म्हणालात तरी आपलं काम थांबणार नाही.’ शेवटचं वाक्य तेव्हाच म्हणा, जेव्हा तुमच्या संस्थेत ते खरं असेल.

अपवादांचे नेमके शब्द तुमच्या इथल्या कायद्यानुसार बदलतील. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तारासॉफ खटल्यात असा निर्णय दिला, की रुग्णाकडून दुसऱ्या व्यक्तीला गंभीर धोका असेल तर तिला वाचवण्यासाठी योग्य ती काळजी घेणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी आपापले नियम केले आणि ते एकसारखे नाहीत. म्हणून पहिल्या क्लायंटच्या आधी संस्थेचे लेखी नियम आणि स्थानिक कायदा पर्यवेक्षकाबरोबर बसून वाचा. रात्री धोक्याची केस आली तर फोन कुणाला करायचा, तो नंबर मोबाइलमध्ये आधीच हवा.

आत्महत्येविषयी विचारणं ही इंटर्नची सगळ्यात मोठी धास्ती असते. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती संशोधनात खरी ठरलेली नाही. प्रश्न सरळ, साध्या शब्दांत आणि नजर न चुकवता विचारायचा: ‘इतकं असह्य होतं तेव्हा जीव द्यावा असं मनात येतं का?’ उत्तर हो आलं, तर पुढे विचार किती वेळा येतो, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का, आधी प्रयत्न झाला आहे का, आणि काय थांबवतं आहे, हे विचारायचं. प्रशिक्षणार्थीने हा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही. क्लायंट खोलीत असतानाच पर्यवेक्षकाला बोलवायला लाजू नका. ‘मी असं काही करणार नाही’ असा लेखी करार करून घेण्याची जुनी पद्धत होती. ती जीव वाचवते असा पुरावा नाही, आणि समुपदेशकाला मात्र खोटी निश्चिंती देते. त्याऐवजी बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली सुरक्षा-योजना शिकून घ्या. धोक्याची लक्षणं, स्वतःहून करता येण्यासारखं काही, मन दुसरीकडे वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल अशी माणसं, व्यावसायिक मदत आणि घातक साधनं दूर करणं, अशी ती टप्प्याटप्प्याने क्लायंटबरोबर बसून, त्याच्या शब्दांत लिहायची असते.

सेशनची नोंद त्याच दिवशी करा, थोडक्यात करा, आणि क्लायंट उद्या ती वाचू शकतो असं धरून करा. ‘क्लायंट हट्टी आहे’ ही नोंद नाही, तुमचा राग आहे. ‘नोकरीच्या विषयावर तीन वेळा विषय बदलला’ ही नोंद.

पर्यवेक्षण वापरायचं कसं

इथे बहुतेक जण वेळ वाया घालवतात. तासाला येतात, सगळ्या केसेसची हकिकत सांगतात, पर्यवेक्षक मान डोलावतात आणि घड्याळ संपतं. हकिकतीत तुम्ही नसता, फक्त क्लायंट असतो.

त्याऐवजी एकच केस घ्या. रेकॉर्डिंगमधला तीन-चार मिनिटांचा तुकडा निवडून आणा आणि एक प्रश्न लिहून आणा. प्रश्न ‘बरोबर केलं का?’ असा नको. ‘ती वडिलांबद्दल बोलायला लागली की मी प्रत्येक वेळी प्रश्न विचारून विषय बदलतो, हे का होत असावं?’ असा हवा. आणि शेवटचं: आपलं सगळ्यात छान जमलेलं सेशन दाखवायचा मोह होतो, पण ऐकताना मान खाली जाते तेच सेशन आणा. पर्यवेक्षणात विद्यार्थी बरंच काही दडवतात, हे संशोधनातूनही पुढे आलं आहे. दडवलं जातं तेही नेमकं तेच, ज्याची मदत सगळ्यात जास्त हवी असते: क्लायंटबद्दल वाटलेला कंटाळा, चीड, आकर्षण, आणि पर्यवेक्षकाबद्दलची नाराजी.

पर्यवेक्षक कधी शिक्षकासारखा तंत्र सांगतो, कधी समुपदेशकासारखा तुमच्या मनात काय झालं ते विचारतो, तर कधी बरोबरीच्या सल्लागारासारखा तुमच्याबरोबर विचार करतो. जेनिन बर्नार्ड यांनी १९७९ साली या तीन भूमिका मांडल्या. आज आपल्याला कुठली हवी आहे, ते विद्यार्थ्याने मोकळेपणी सांगावं. सुरुवातीला शिक्षक जास्त लागतो, पुढे सल्लागार. तुमचा पर्यवेक्षक वर्षभर एकाच भूमिकेत अडकून राहिला, तर ते त्याच्याशी बोला. तेही प्रशिक्षणच आहे. नॉर्मन केगन यांची रेकॉर्डिंग थांबवत थांबवत ‘या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं, जे तुम्ही बोलला नाहीत?’ असं विचारण्याची पद्धत जमली तर जरूर करून घ्या. कधी कधी तीन मिनिटांच्या तुकड्याला पूर्ण तास जातो, आणि तो सत्कारणी लागतो.

स्वतःकडे बघणं

विद्यार्थीदशेत स्वतः क्लायंट म्हणून काही काळ समुपदेशन घ्यावं का? काही अभ्यासक्रमांत ते सक्तीचं आहे, अनेक ठिकाणी नाही. माझं मत: घ्या. समोरच्या खुर्चीत बसून ‘आज काय बोलू?’ हा संकोच अनुभवलेला माणूस क्लायंटच्या शांततेला वेगळ्या तऱ्हेने सामोरा जातो. मात्र तुमचा समुपदेशक आणि तुम्हाला गुण देणारा शिक्षक एकच व्यक्ती नको.

मूल्यांचा प्रश्नही इथेच येतो. एखाद्याचं लैंगिक जीवन, धर्म, घटस्फोट, गर्भपात तुम्हाला पटत नाही म्हणून त्याला दुसरीकडे पाठवता येतं का? अमेरिकन समुपदेशन संघटनेची २०१४ ची नीतिसंहिता सांगते, केवळ तुमच्या वैयक्तिक मूल्यांमुळे नाही. कौशल्य कमी पडत असेल तर पाठवा, नापसंती असेल तर पर्यवेक्षणात त्यावर काम करा. हीच संहिता विद्यमान क्लायंटशी समाजमाध्यमांवर व्यक्तिगत नातं ठेवायला मनाई करते आणि काम संपल्यावरही किमान पाच वर्षं प्रेम किंवा शरीरसंबंध निषिद्ध मानते. हे नियम पाठ करण्यापेक्षा आपले काठ कुठे निसरडे आहेत ते ओळखा: रात्रीच्या मेसेजला उत्तर देणं, सेशन पंधरा मिनिटं लांबवणं, एकाच क्लायंटला ‘खास’ वागवणं. मोठी चूक बहुधा इथूनच सुरू होते.

थकव्याबद्दल एवढंच: पहिल्या इंटर्नशिपला आठवड्यात किती क्लायंट झेपतात ते आकड्यात ठरवा आणि आघाताच्या केसेस एकाच दिवशी लागोपाठ घेऊ नका.

पदवीनंतर

पदवी मिळाली म्हणजे स्वतंत्र प्रॅक्टिसची पाटी लावता येईलच असं नाही. अमेरिकेत अनेक राज्यांत त्यानंतर सुमारे ३००० तासांचं काम पर्यवेक्षणाखाली करावं लागतं. काही राज्यांत ते कमी आहे, काहींत जास्त. बऱ्याच ठिकाणी एनसीई ही समुपदेशकांची राष्ट्रीय परीक्षा असते. तिच्यात २०० प्रश्न असतात आणि गुण त्यातल्या १६० प्रश्नांचे धरले जातात. ब्रिटनमध्ये बीएसीपीच्या अधिस्वीकृत (अ‍ॅक्रेडिटेड) सदस्याला महिन्याला किमान दीड तास पर्यवेक्षण घ्यावं लागतं, आणि ते अनुभव वाढला तरी सुटत नाही. हा नियम मला सगळीकडे असावासा वाटतो. तुमच्याकडे सक्ती नसेल, तर दोन-तीन सहकाऱ्यांचा गट करून महिन्यातून एकदा केसेस मांडायला बसा आणि पैसे देऊन एखादा अनुभवी पर्यवेक्षक धरा.

पहिली नोकरी निवडताना पगाराबरोबर पर्यवेक्षणाची रक्कम मिळवून बघा. थोडा कमी पगार देणारी पण दर आठवड्याला नोंदणीकृत पर्यवेक्षकाचा तास फुकट देणारी संस्था, वर्षअखेरीस हिशेब मांडला तर बहुतेकदा जास्त देते. जिथे हा तास नाही तिथे तो खिशातून भरावा लागतो, आणि सुरुवातीच्या पगारात तो जड जातो. पर्यवेक्षकाची पात्रता परवाना देणाऱ्या मंडळाला मान्य आहे का, ते काम सुरू करण्याआधी लेखी विचारून घ्या. नंतर ते तास धरले गेले नाहीत तर परत मिळत नाहीत.

कागदांची एक फाइल आजच करा. प्रत्येक विषयाचा त्या वर्षीचा सविस्तर अभ्यासक्रम, सही असलेल्या तासांच्या नोंदी, पर्यवेक्षकांची नावं, त्यांचे परवाना क्रमांक आणि मूल्यमापनाचे फॉर्म तिच्यात ठेवा, आणि त्यांची स्कॅन प्रतही. क्लायंटचं नाव किंवा रेकॉर्डिंग मात्र या फाइलमध्ये जाऊ देऊ नका. ते संस्थेच्या नियमानुसार सुरक्षित ठेवायचं आणि मुदत संपली की नष्ट करायचं. दहा वर्षांनी दुसऱ्या राज्यात किंवा देशात परवान्यासाठी अर्ज केलात, तर मंडळ नेमका हाच विषय कोणत्या पुस्तकांवरून शिकवला आणि किती तास शिकवला ते विचारू शकतं. तोवर विभागाचं नाव बदललेलं असतं, पर्यवेक्षक निवृत्त झालेले असतात आणि कार्यालयात जुना अभ्यासक्रम सापडेलच याची खात्री नसते.